रत्नाक्काच्या कानातली म्हैस

रंकाळ्याची पाच किलोमीटरची शर्यत एका म्हशीनं पहिल्या नंबरानं जिंकली, ही गोष्ट खोटी आहे असं सांगणारी माणसं तुम्हाला कोल्हापुरात भेटतील. ती माणसं त्या दिवशी उशिरा उठली होती. मी शेवटच्या रेषेपाशी पाण्याच्या टेबलामागं उभा होतो, आणि त्या म्हशीनं शर्यत संपवल्यावर माझ्या टेबलावरचं सगळं लिंबूपाणी पिऊन टाकलं, कागदी पेल्यांसकट. पेल्यांसकट हे मी थोडं वाढवून सांगतोय. बाकी सगळं घडलं तसं.

म्हशीचं नाव बिजली. मालकीण रत्नप्रभा चौगुले, म्हणजे आमच्या गंगावेशीतल्या गल्लीची रत्नाक्का. साठीला दोनतीन पावलं कमी, अंगानं भरलेली, आवाजानं त्याहून भरलेली. गोठ्यात पाच म्हशी आणि घरात सर्जेराव नावाचा एक नवरा, आणि दोन्हीकडं तिचा आवाज सारख्याच दाबानं जायचा. आम्ही शेजारी घड्याळ लावायचो त्यावर. एकुलती एक लेक तेजस्विनी, पुलांची इंजिनिअर, साताऱ्याच्या भोईट्यांकडं दिलेली.

गोष्ट सुरू झाली ती साताऱ्याला. तेजूला पाचवा महिना लागला म्हणून तिच्या सासरी ओटी भरायचा कार्यक्रम होता. भोईटे राहतात चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टनं नेमका त्याच दिवशी उपास धरलेला. रत्नाक्का फळांची परडी, हिरव्या बांगड्यांचा डबा आणि घरच्या दुधाची बरणी घेऊन चार जिने चढली. वर पोचली तेव्हा तिचा चेहरा जांभळा झाला होता. खुर्चीत बसली आणि तोंडातून शब्दच फुटेना. सर्जेराव मला नंतर म्हणाला की बापू, मला वाटलं हिला अर्धांगवायू झाला, नाहीतर एवढा वेळ गप्प कशी?

तिच्या विहीणबाई मृणालिनी भोईटे म्हणजे शाळेतल्या निवृत्त पीटीच्या बाई. अंगावर मांस म्हणून नाही, सगळी शिस्त. दर वर्षी डोंगरावरच्या शर्यतीत पळून यायच्या आणि घरी येऊन तासाभरात थालीपीठं थापायच्या. त्यांनी रत्नाक्काला पाणी दिलं, रुमालानं वारा घातला, आणि मग ओटीला जमलेल्या पंधरावीस बायकांदेखत अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत मला मान्य आहे. पण चार जिन्यांत तुमची ही गत. बाळंतिणीला तुम्ही सांभाळणार, आणि तुम्हाला कोण?"

बायका हसल्या. रत्नाक्काजवळ उत्तर होतं, पण ते उच्चारायला दम नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं. दम परत यायला दोन लाडू लागले, आणि मग ती जे बोलली ते नको होतं. म्हणाली, पळून दाखवू का तुमच्यासारखं? मृणालिनीबाईंना तेवढंच हवं होतं. जानेवारीत रंकाळ्याला पन्नाशीपुढच्यांची पाच किलोमीटरची शर्यत असते, मी दर वर्षी येतेच, म्हणाल्या. माझ्या पुढं आलात तर तेजू तुमच्याकडं. नाहीतर बाळंतपण साताऱ्यात.

"मी ट्रॉफी नाहीये," तेजस्विनी म्हणाली. पण दोन विहिणी समोरासमोर आल्या की मध्ये बसलेल्या माणसाचं ऐकायची पद्धत आपल्याकडं नाही.

परत येताना गाडीत रत्नाक्कानं कऱ्हाडपर्यंत रिकामी परडी मांडीवर धरली होती. मग म्हणाली, लेक पहिल्यांदा अडली आणि माझ्या घरात नसली, तर ते घर मला कशाला पाहिजे?

आता वरच्या खोलीतल्या भाडेकरणीकडं यायला हवं. डॉक्टर इरावती शेटे. जनावरांची डॉक्टर, त्यावर मेंदूचा अभ्यास केलेली, आणि विद्यापीठातली प्रयोगशाळा सोडून गोठ्यावरच खोली घेऊन राहिलेली. तिनं शोधून काढले होते जोडबिल्ले. म्हशीच्या कानात नंबराचा बिल्ला असतो ना, तेवढेच दोन. एक शांत म्हशीच्या कानात लावायचा, दुसरा बिथरलेल्या म्हशीच्या.

ती मला समजावून सांगायची तेव्हा मी मान हलवायचो. पुढं खरंच समजलं. आपल्या डोक्यातून एक लांबलचक मज्जातंतू खाली उतरतो, व्हेगस त्याचं नाव. हृदय, फुप्फुसं, पोट, अशा सगळ्या गावांतून तो हिंडतो आणि तिथली खबरबात मेंदूला कळवतो. गाव शांत आहे की पेटलंय, हे मेंदू त्याच्याच तोंडून ऐकतो. या तंतूची एक बारीक फांदी कानाच्या खोलगट भागात आलेली असते. म्हणजे मेंदूच्या घराला ही एक मागची खिडकीच. पहिला बिल्ला शांत म्हशीचे ठोके, श्वास आणि पोटातलं रवंथ टिपतो. दुसरा तोच ठेका मुंगीच्या पावलाएवढ्या विजेनं बिथरलेल्या म्हशीच्या त्या फांदीवर वाजवतो. तिचा मेंदू समजतो, सगळं ठीक आहे, आपण रवंथ करत बसलोय. नवी विकत आणलेली म्हैस, जी चार दिवस पान्हा सोडत नव्हती, तिनं बिल्ला लावल्यावर पहिल्याच धारेला चरवी भरली.

शांत म्हैस म्हणून इरावतीनं निवडली होती बिजली. ही पूर्वी पाडव्याच्या पळवापळवीत नाव काढलेली. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात. शिंगं रंगवायची, गळ्यात घुंगरं, आणि पुढं मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटरसायकलवर. त्या आवाजामागं म्हैस सुसाट. आता रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या विजेवरच्या, चालतात की झोपल्यात कळत नाही. पेट्रोलची मोटरसायकल काढायला वर्षातून त्या एका सणाची परवानगी. सर्जेरावची ती जुनी गाडी बाकीचं वर्ष ताडपत्रीखाली असायची, आणि बिजली बाकीचं वर्ष पाण्यात. रंकाळ्याच्या काठाला म्हशींसाठी वेगळं डुंबणं बांधलंय, तिथं फक्त नाकपुड्या वर ठेवून ती बसायची. तिच्याइतकं शांत मी दुसरं काही पाहिलेलं नाही. माणसांत तर नाहीच.

एका संध्याकाळी इरावती बिल्ला धुऊन खिडकीत ठेवून जेवायला बसली, तेवढ्यात रत्नाक्कानं तो उचलून स्वतःच्या कानात अडकवला. सर्जेराव मला बोलवायला धावत आला. आम्ही जाऊन बघतो तर गॅसवर दूध उतू चाललेलं, आणि रत्नाक्का पाटावर बसून त्याच्याकडं बघत म्हणत होती, जाऊ दे की. हे शब्द त्या घरात पूर्वी कधी उच्चारले गेले नव्हते. भांडंसुद्धा चमकलं असेल.

इरावतीनं बिल्ला काढून घेतला आणि खूप रागावली. पण शास्त्रज्ञ माणूस, डोळ्यांत चमक लपेना. कारण तिला जे सुचलं ते रत्नाक्काला आधीच सुचलं होतं: हा बिल्ला लावून पळालं तर?

"काकू, थकवा सगळा पायात नसतो," इरावती म्हणाली. "बराचसा मेंदूचा निर्णय असतो. मेंदू हॉस्टेलच्या रेक्टरसारखा आहे. फाटक बंद करायची वेळ नऊची असेल, तर हा साडेआठलाच कुलूप घालतो. अंगात शिल्लक असते, पण तो ती वापरू देत नाही."

"आणि कानात म्हैस असली तर?"

"तर रेक्टर झोपतो. फाटक उघडं राहतं. पण पाय तुमचेच राहतात, ते म्हशीचे होत नाहीत. ते तयार करावे लागतील."

तिनं अटी घातल्या. हृदयाचे ठोके ठरावीक रेषेच्या वर गेले की बिल्ला आपोआप मुका होईल, अशी सोय केली. बिल्ल्यांचा पल्ला थोडा, म्हणून बिजली रंकाळ्याच्या डुंबण्यात असेल तेव्हाच रत्नाक्कानं रंकाळ्याभोवती पळायचं. आणि रोजचं वेळापत्रक. शर्यतीच्या नियमांत गोळ्या, सुया आणि स्प्रिंगचे बूट यांना बंदी होती. म्हशीचा उल्लेख कुठंच नव्हता. मी दोनदा वाचून खात्री केली.

त्या तीन महिन्यांसारखी मजा गल्लीनं पुन्हा पाहिली नाही. पहाटे लेकीचे जुने बूट घालून, डोक्याला रुमाल बांधून रत्नाक्का निघायची, पुढं बिजली, मागं सर्जेराव, त्यामागं इरावती आणि तिचा टॅब, आणि सगळ्यात शेवटी मी, कारण असल्या ठिकाणी साक्षीदार लागतो. आधी नुसतं भरभर चालणं. मग हळू पळणं, शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतकं हळू. पण रत्नाक्का कुठल्याही वेगात बोलू शकते, त्यामुळं ती खूण निरुपयोगी ठरली. शेवटी तिला अभंग म्हणायला लावलं. मग आठवड्यातून दोनदा जोराचे तुकडे: दिव्याच्या एका खांबापासून चौथ्या खांबापर्यंत जीव खाऊन पळायचं, तेवढंच अंतर चालायचं, पुन्हा पळायचं. एक दिवस लांबचा पल्ला. एक दिवस सक्तीची विश्रांती, आणि त्या दिवशी सगळ्या घराला विश्रांती नसायची.

पहिल्या महिन्याअखेर तिनं न थांबता रंकाळ्याला फेरी मारली. दुसऱ्या महिन्यात पहाटेची तरणी पोरं तिला वाट द्यायला लागली. तिचा चेहरा पळताना असा दिसायचा, जणू कोणी तिच्या पाठीवर पाणी ओततंय. बिल्ला होता म्हणून आणखी एक खांब, आणखी एक खांब, असं ती पळायची, आणि पळायची म्हणून खरोखरच पायांत बळ यायचं. इरावती तर आनंदानं वेडी व्हायची बाकी होती. मी घड्याळ धरायचो आणि माझाच श्वास चढायचा.

पण म्हैस कानात शिरली की फक्त पळण्यापुरती शिरत नाही.

रत्नाक्का बिल्ला काढायला विसरू लागली. मग विसरणंही सोडलं. दिवसभर ठेवायलाच लागली. गोठा घराला लागूनच, त्यामुळं पल्ल्याचा प्रश्न नव्हता. घास चाळीस वेळा चावायची. दुपारी न्हाणीघरात टपात बसून राहायची. सर्जेराव चिखलाच्या पायांनी स्वयंपाकघरातून फिरला तरी ती काही बोलली नाही. तो मुद्दाम पुन्हा फिरला. तरी नाही. संध्याकाळी माझ्याकडं येऊन बसला आणि म्हणाला, "बापू, आठ दिवस झाले, शिवी नाही. घर सुनं झालंय रं."

मी हसलो. मग तो फोन आला, आणि हसू गेलं.

आम्ही सगळे रत्नाक्काच्या घरीच होतो, ती भाकरी चावत होती. तेजूचा फोन स्पीकरवर होता. डॉक्टर म्हणालेत रक्तदाब थोडा वाढलाय, बाळाचं वजन जरा कमी आहे, मीठ बंद, पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी. एरवी ही बातमी ऐकून रत्नाक्कानं गाडीची वाट बघितली नसती, साताऱ्यापर्यंत चालत गेली असती. ती भाकरी चावत राहिली.

"होतंय की," म्हणाली.

मग तेजू म्हणाली, "आई, तू ऐकलंस ना मी काय सांगितलं?"

"ऐकलं. होतंय सगळं."

आणि त्याच वेळी गोठ्यात बिजली ओरडली. साधं हंबरणं नव्हे, दावं ताणून, मान वर करून, दाराकडं बघत. वैरणीला तोंड लावेना. इरावतीनं ताप बघितला, पोट बघितलं, माजावर आलीय का बघितलं. काही नव्हतं. मी विचारलं, का गं, इकडून तिकडं काही जात नाही ना? ती म्हणाली, बापूकाका, अशक्य आहे, रस्ता एकेरी आहे. मी मान हलवली. कोल्हापुरातले एकेरी रस्ते मला माहीत आहेत.

दुसऱ्या दिवशी तेजूनं बापाला फोन केला. आईला काय झालंय, म्हणाली. ती ओरडली नाही, रडली नाही, मला मूर्ख म्हणाली नाही. इथं सासूबाई निदान रोज दोनदा विचारतात तरी. मला वाटतं मी इथंच राहावं. सर्जेरावनं ते बायकोला सांगितलं. ती बिल्ल्यातून म्हणाली, बरं. मग सर्जेरावनं आयुष्यात पहिल्यांदा हिंमत केली आणि तिच्या कानातला बिल्ला ओढून काढला.

ती पाटावरच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. बराच वेळ. मग मला म्हणाली, "बापू, आता सांग. शर्यत मारल्याशिवाय लेक येणार न्हाई. बिल्ल्याशिवाय शर्यत मारता येणार न्हाई. आणि बिल्ला लावला की लेकीला आईच उरत न्हाई. मी करू काय?"

तिनंच तोड काढली: बिल्ला फक्त पळताना, घरी कधीच नाही. फोनवर ती पुन्हा ओरडायला लागली, पण तेजूच्या मनातली अढी गेली नाही. ती एवढंच म्हणाली, शर्यतीला येते, मग बघू.

जानेवारीतली ती सकाळ. रंकाळा टॉवरपाशी हजारभर माणसं, ढोल, झेंडे, गार वारा. तेजू सासूबाईंबरोबर आलेली, पोट सांभाळत शेवटच्या रेषेपाशी माझ्या टेबलाशेजारी खुर्चीत बसली. शेवटची रेष टॉवरलाच, म्हणजे तळ्याभोवतीची पूर्ण फेरी आणि थोडी वाढीव. बिजली पलीकडच्या काठाला डुंबण्यात, कानात तिचा बिल्ला, आणि तिच्यापाशी सर्जेराव. त्याला एकच काम दिलं होतं: गप्प बसायचं आणि म्हशीला गप्प बसू द्यायचं.

मृणालिनीबाईंनी रत्नाक्काला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. तीन महिन्यांत विहीणबाई बऱ्याच उतरल्या होत्या.

"कानात काय हे? नवीन फॅशन?"

"म्हैस आहे," रत्नाक्का म्हणाली.

शिट्टी झाली. टॉवरवर मोठा पडदा होता, वरून उडणारा कॅमेरा सगळं दाखवत होता. पहिला टप्पा मृणालिनीबाई पुढं, घड्याळाच्या काट्यासारख्या. रत्नाक्का त्यांच्या खांद्यामागं. मग खांद्याला खांदा. मग, देवाशपथ सांगतो, रत्नाक्का पुढं. पाय झपाझप पडतायत आणि चेहऱ्यावर दुपारच्या पाण्यातला निवांतपणा. मृणालिनीबाईंनी वेग वाढवला, हिनंही वाढवला, तोही न बघता. तेजू खुर्चीतून उठली. इरावती टॅबला चिकटली होती, पुटपुटत होती, ठोके रेषेच्या खाली आहेत, खाली आहेत. माझ्या टेबलावरचे पेले मी स्वतःच प्यायला लागलो. अर्ध्याहून जास्त शर्यत झाली तेव्हा अंतर वीसेक पावलांचं झालं होतं, आणि डुंबण्याचं वळण नुकतंच मागं पडत होतं.

आता सर्जेरावचं ऐका. बायको, जी चार जिने चढू शकत नव्हती, ती साताऱ्याच्या पीटीच्या बाईंना मागं टाकून समोरून वाऱ्यासारखी जाताना दिसली. नवऱ्याला असा क्षण आयुष्यात एकदा. टाळ्या वाजवल्या असत्या तर चाललं असतं. पण गवळ्याच्या पोराला कौतुक करायची एकच रीत माहीत. त्यानं ती ताडपत्रीतली मोटरसायकल आणली होती. नुसती फोटोसाठी, असं तो आजही सांगतो. पुंगळी फोटोसाठी का काढली होती, याचं उत्तर त्याच्याकडं नाही. त्यानं किक मारली.

तो आवाज आम्हाला तळ्याच्या या काठाला ऐकू आला. बिजलीला तो कळायला दोन नाकपुड्यांएवढाही वेळ लागला नाही. तिच्या लेखी तो पाडवा होता. ती पाण्यातून उठली ती काठ फोडूनच. सर्जेरावनं मागं वळून बघितलं, आणि गाडी बंद करायच्या ऐवजी घाबरून पिळली. मग काय, पुढं मोटरसायकल, मागं बिजली, दोघंही शर्यतीच्या रस्त्यावर.

पडद्यावर आम्हाला रत्नाक्का दिसली. ती पळता पळता जागच्या जागी थांबली, जणू कुणी छातीवर हात ठेवला. स्वतःची धाप होतीच, त्यावर सातशे किलोच्या म्हशीची धाप आणि सगळी उधळण कानातून आत घुसत होती. गुडघे धरून ती वाकली. तेजूनं माझा हात इतका घट्ट धरला की माझ्या बोटांत अजून ती खूण आहे.

मृणालिनीबाई शेजारून गेल्या. "लागली ना धाप?" एवढंच म्हणाल्या.

बिल्ला आपोआप मुका व्हायच्या आतच रत्नाक्कानं तो कानातून उपटला आणि मुठीत धरला.

पुढचं तिनं मला सांगितलं तसं सांगतो. तीन महिन्यांत तिनं स्वतःची धाप एकदाही ऐकली नव्हती. आता ऐकली. होती, चांगली जोरात होती. पण जिन्यावरची नव्हती. ठेक्यात होती, धार काढताना चरवीत पडते तशी, एक बाजू, दुसरी बाजू, एक, दुसरी. ही धाप आपली ओळखीची आहे, असं तिला वाटलं. आणि त्याबरोबर तीन महिन्यांची राहिलेली काळजी एकदम आली. तेजूचा रक्तदाब, बाळाचं वजन, पोरगी सकाळपासून काही खाऊन निघालीय का, तिला कोणी खुर्ची दिलीय का, गॅस बंद केलाय का, हा मेला मोटरसायकल घेऊन कुठं चाललाय. शांत माणूस किती पळतो याचा अभ्यास इरावतीनं केला होता. काळजीत पडलेली आई किती पळते याचा कुणी केलेला नव्हता. रत्नाक्का पळाली.

मृणालिनीबाई पुढं होत्या, पण त्यांनी मागं बघायची चूक केली. मोटरसायकल फटफटत त्यांच्या शेजारून गेली आणि मागून शिंगं, खूर, चिखल. इतर पळणारे कठड्यावर चढले, दोघं तळ्यात पडले. मृणालिनीबाई रस्त्याच्या मधोमध खिळून उभ्या. सगळ्या शिस्तीत म्हशीचा धडा नव्हता. रत्नाक्का मागून आली. तिला नुसतं बाजूनं निघून जाता आलं असतं, आणि शर्यत तिथंच तिची झाली असती. तिनं विहिणीचं कोपर धरलं आणि कडेला ओढलं. बिजली हातभरावरून गेली.

"विहीणबाई, ती तुमच्यामागं न्हाई, त्या गाडीमागं आहे. आता आपण तिच्यामागं पळायचं. रस्ता मोकळा करत चाललीया."

"तो गाडीवरचा तुमचा नवरा आहे का?"

"ह्या घडीला न्हाई."

आणि दोघी पळाल्या, कोपरात कोपर. पुढचा सगळा जमाव दुभंगत होता. ढोलवाल्यांना काय चाललंय कळेना, पण ते जोरात वाजवायला लागले. शेवटचा सरळ रस्ता आला. मृणालिनीबाईंनी कोपर सोडवून घेतलं आणि बाजूला बघितलं, रत्नाक्कानंही बघितलं, आणि मग दोघींनी जे काही उरलं होतं ते सगळं काढलं. मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. एवढ्या मोठ्यानं मी कधी ओरडलो नव्हतो.

सर्जेराव रेषेच्या अलीकडंच गाडीसकट बाजूच्या हिरवळीवर घुसला. पहिली बिजली. फीत तिच्या शिंगात अडकली. दुसऱ्या मृणालिनीबाई. अर्ध्या हातानं मागं रत्नाक्का.

हरली.

मी तेजूकडं बघितलं नाही, बघवलं नाही. रत्नाक्का रेषेपलीकडं चार पावलं गेली, छाती भात्यासारखी हलत होती, शब्द फुटत नव्हता. तिनं मान वर केली आणि समोर लेक उन्हात उभी दिसली. आणि त्या धापेतून, एकेक तुकडा करत, आवाज आला.

"उभी... का राहिलीस? खुर्ची दिलीया... ती काय... पूजा करायला? उन्हात... डोक्यावर पदर न्हाई, ओढणी न्हाई... काही खाल्लंस का? तोंड बघ... चिमणीएवढं झालंय... बापू, तुला डोळे आहेत का... नुसतं लिंबूपाणी... ह्या पोरीला मीठ बंद आहे, तिला मिठाचं दिलंस का काय मेल्या—"

तेजू रडत होती आणि हसत होती. आईच्या घामट गळ्यात पडली. "शर्यत कोण जिंकलं ते तुम्ही बघा," ती म्हणाली. "माझा निकाल मी सांगते. मी हिच्याकडं जाणार."

आम्ही सगळ्यांनी मृणालिनीबाईंकडं बघितलं. त्या फुटपाथवर बसल्या होत्या, गळ्यात पदक, केसात चिखल, आणि धाप अशी की बोलायला वेळ लागला. "जा," त्या म्हणाल्या. "मला असं ओरडता येत नाही. मी नुसती शिट्टी वाजवायची." मग थोड्या वेळानं, "पण मीही येणार. तुमच्या त्या नवऱ्यावर नजर ठेवायला कुणीतरी पाहिजे."

आणि खरंच आल्या. फेब्रुवारीत तेजू माहेरी आली, मागोमाग सासूबाई, बॅगेत दोन साड्या आणि तीन जोड बूट. पहाटे दोघी विहिणी रंकाळ्याला पळायच्या आणि दोन्ही घरांची उणीदुणी काढायच्या, आणि एकीलाही दम लागायचा नाही.

जोडबिल्ले इरावतीनं पेटीत बंद केले. तिचा निबंध परदेशात छापून आला, शांत म्हशी आणि पान्हा यांबद्दल. त्यात एक गोष्ट नाही, ती मी सांगतो.

तेजूला कळा सुरू झाल्या त्या दुपारी सगळे दवाखान्यात गेले. गोठ्यावर मी एकटा. बिजलीच्या कानात काही नव्हतं, दोन महिने नव्हतं. मी वैरण टाकली, तिनं तोंड लावलं नाही. पाणी दिलं, प्यायली नाही. मान वर करून दाराकडं बघत उभी राहिली, मधूनच एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी चिखलाच्या पायांनी आत गेलो तर माझ्याकडं बघून असं फुरफुरली की मी मुकाट्यानं बाहेर येऊन पाय धुतले.

दिवस मावळताना सर्जेराव आला. माझ्या शेजारून सरळ तिच्याकडं गेला, आणि तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत."

बिजलीनं एक लांब श्वास सोडला आणि वैरणीत तोंड घातलं.